पॉवर नाइन

पॉवर नाइन म्हणजेच 'बलशाली नऊ' ही 'मॅजिक: द गॅदरिंग' या संग्राह्य पत्त्यांच्या खेळातील नऊ पत्त्यांच्या समूहासाठी रूढ झालेली संज्ञा आहे. ब्लॅक लोटस, मॉक्स पर्ल, मॉक्स सफायर, मॉक्स जेट, मॉक्स रूबी, मॉक्स एमराल्ड, ॲन्सेस्ट्रल रिकॉल, टाइम वॉक आणि टाइमट्विस्टर हे ते नऊ पत्ते होत. १९९३ साली खेळ प्रथम प्रकाशित झाला तेव्हा हे पत्ते त्यात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीनंतर ते स्पर्धेत वापरण्याजोग्या कागदी स्वरूपात पुन्हा छापले गेलेले नाहीत. खेळातील सर्वाधिक प्रभावी पत्त्यांमध्ये त्यांची गणना होते आणि सर्वाधिक महागड्या पत्त्यांमध्येही. त्यामुळे संग्राह्य पत्त्यांच्या खेळात विजय कौशल्याने मिळतो की खिशातील पैशाने, या वादात पॉवर नाइनचे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते गणितात पीएच.डी. करीत असताना 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीचे संस्थापक पीटर ॲडकिसन यांच्याशी त्यांची भेट झाली. गारफील्ड यांनी आधी मांडलेला पटावरचा खेळ छापण्यास महाग होता. कमी खर्चात तयार होईल, सहज सोबत नेता येईल आणि संमेलनांत फावल्या वेळात खेळता येईल असा खेळ ॲडकिसन यांना हवा होता. त्यातून मॅजिकची कल्पना आकारास आली आणि ऑगस्ट १९९३ मध्ये खेळ बाजारात आला.

प्रचलित पत्त्यांच्या खेळांत सर्व खेळाडू ५२ पत्त्यांच्या एकाच जोडातून खेळतात. कोणाच्या हाती कोणते पत्ते येतील हे वाटपावर अवलंबून असते आणि डाव संपला की पत्ते पुन्हा सर्वांचे होतात. संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू स्वतः विकत घेतलेल्या किंवा देवाणघेवाणीत मिळवलेल्या पत्त्यांतून आपला संच रचून आणतो. या संचाला 'डेक' म्हणतात. पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात आणि पाकिटात कोणते पत्ते आहेत हे ते फोडेपर्यंत कळत नाही. मॅजिकच्या सुरुवातीच्या १५ पत्त्यांच्या पाकिटात ११ सामान्य, ३ असामान्य आणि १ दुर्मीळ पत्ता असे. पॉवर नाइनमधील सर्व पत्ते दुर्मीळ गटातील होते. या गटात शंभराहून अधिक निरनिराळे पत्ते असल्याने एका पाकिटात ठरावीक पत्ता, उदाहरणार्थ ब्लॅक लोटस, निघण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी होती.

समाविष्ट पत्ते

मॅजिकमध्ये बहुतेक पत्ते खेळण्यासाठी 'मॅना' नावाची काल्पनिक ऊर्जा खर्च करावी लागते. ही ऊर्जा मुख्यतः भूमीच्या पत्त्यांपासून मिळते आणि एका पाळीत भूमीचा एकच पत्ता मांडता येतो. परिणामी पहिल्या पाळीत साधारणतः एक, दुसऱ्या पाळीत दोन अशा क्रमाने ऊर्जा वाढत जाते. पत्ते ओढण्याचा वेगही असाच मर्यादित असून प्रत्येक पाळीत एकच पत्ता ओढता येतो. पॉवर नाइनमधील पत्ते याच मूलभूत मर्यादा जवळजवळ विनामूल्य ओलांडू देतात.

ब्लॅक लोटस: हा पत्ता खेळण्यास काहीही ऊर्जा लागत नाही. तो खर्ची घातल्यास एकाच रंगाची तीन एकक ऊर्जा तत्काळ मिळते. त्यावरील चित्र ख्रिस्तोफर रश यांनी काढले.

पाच मॉक्स: पर्ल पांढरी, सफायर निळी, जेट काळी, रूबी लाल आणि एमराल्ड हिरवी ऊर्जा देते. हे पत्तेही विनामूल्य खेळता येतात आणि प्रत्येक पाळीत एक एकक ऊर्जा देतात. भूमीप्रमाणे त्यांना 'एका पाळीत एक' ही मर्यादा लागू नसते. पाचही चित्रे डॅन फ्रेझर यांची आहेत.

ॲन्सेस्ट्रल रिकॉल: एका एककाच्या मोबदल्यात तीन पत्ते ओढता येतात. चित्रकार मार्क पूल.

टाइम वॉक: दोन एककांच्या मोबदल्यात आणखी एक पूर्ण पाळी मिळते. चित्रकार एमी वेबर.

टाइमट्विस्टर: तीन एकके खर्चून सर्व खेळाडूंना हातातील आणि वापरून झालेले पत्ते आपल्या गठ्ठ्यात मिसळून, पिसून नव्याने सात पत्ते ओढावे लागतात. चित्रकार मार्क टेडिन.

ॲन्सेस्ट्रल रिकॉल हा पाच पत्त्यांच्या एका मालिकेचा भाग होता. या मालिकेतील प्रत्येक पत्ता एका एककाच्या बदल्यात कशाचे तरी तीन नग देतो: तीन इजा, तीन एकक काळी ऊर्जा, तीन बळ इत्यादी. पाचांपैकी चार पत्ते सामान्य गटात छापले गेले. केवळ ॲन्सेस्ट्रल रिकॉल दुर्मीळ गटात होता. तो इतरांहून वरचढ आहे याची जाणीव रचनाकारांना छपाईपूर्वीच होती आणि दुर्मीळता हाच त्यावरचा उपाय मानला गेला होता, हे यातून दिसते. टाइम वॉकच्या चाचणीकाळातील मसुद्याबाबतही एक किस्सा प्रसिद्ध आहे. त्यावरील इंग्रजी वाक्याचा 'प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो' असा अर्थ अभिप्रेत होता. परंतु त्याच शब्दांतून 'प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो' असाही अर्थ निघत असल्याने एका चाचणी खेळाडूने आपल्याला हमखास विजय देणारा पत्ता सापडल्याचा दावा केला होता.

या पत्त्यांचा परिणाम किती टोकाचा होऊ शकतो हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रत्येक खेळाडूकडे आरंभी २० जीवनगुण असतात. पहिल्याच पाळीत एक 'माउंटन' भूमी आणि ब्लॅक लोटस मांडल्यास लाल ऊर्जेचे एक आणि हिरव्या ऊर्जेची तीन एकके हाती येतात. त्यांतील दोन हिरवी एकके खर्चून 'चॅनल' हा पत्ता खेळला की स्वतःचा एकेक जीवनगुण देऊन एकेक एकक ऊर्जा घेता येते. अशा रीतीने १९ जीवनगुण मोजल्यास, उरलेले एक हिरवे एकक धरून २० एकके जमतात. माउंटनच्या लाल एककाने 'फायरबॉल' खेळून त्यात ही २० एकके ओतली की प्रतिस्पर्ध्याला एकही पाळी न मिळता डाव संपतो.

दुर्मीळता आणि समतोल

गारफील्ड यांच्या मूळ रचनेत दुर्मीळता हे समतोल राखण्याचे साधन होते. प्रत्येक खेळाडू मोजकेच पत्ते विकत घेईल, मित्रमंडळाच्या एका गटात असे बलाढ्य पत्ते एक-दोनच असतील आणि त्यामुळे ते कोणालाही कायमचे वरचढ ठरवणार नाहीत, असे त्यामागील गृहीतक होते. पैसेवाला खेळाडू भरमसाट पत्ते विकत घेऊन इतरांना हरवत राहील, ही शंका प्रकाशनापूर्वीही उपस्थित झाली होती. तिच्यावरील एक उत्तर म्हणून 'पण' लावण्याचा नियम ठेवण्यात आला. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डेकमधील एक पत्ता यदृच्छेने काढून पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही पत्ते न्यायचे, असा तो नियम होता. यामुळे मौल्यवान पत्ते एकाच हाती न राहता फिरत राहतील, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात दोन्ही गृहीतके टिकली नाहीत. खेळ अनपेक्षितरीत्या लोकप्रिय झाला आणि खेळाडूंनी कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक पाकिटे विकत घेतली. सुट्या पत्त्यांचा स्वतंत्र बाजार उभा राहिल्याने हवा तो पत्ता रोख पैसे मोजून मिळू लागला. दुसरीकडे, महागडा पत्ता हरण्याच्या भीतीने आणि जुगाराशी असलेल्या साम्यामुळे पण लावण्याची प्रथा अप्रिय ठरली. पणाशी संबंधित पत्ते स्पर्धांतून वगळण्यात आले आणि १९९५ नंतर असे नवे पत्ते निघाले नाहीत. दुर्मीळतेमुळे बलाढ्य पत्त्यांचा वापर कमी होईल असे वाटले होते. झाले ते असे की दुर्मीळतेने पत्त्यांची किंमत वाढवली आणि ती मोजू शकणाऱ्यांपुरता वापर शिल्लक राहिला.

छपाई

पॉवर नाइन खेळाच्या पहिल्या तीन आवृत्त्यांत छापले गेले. ऑगस्ट १९९३ च्या 'अल्फा' आवृत्तीत प्रत्येक दुर्मीळ पत्त्याच्या सुमारे १,१०० प्रती, त्यानंतरच्या 'बीटा' आवृत्तीत तीन हजारांहून काही अधिक, तर वर्षाअखेरीच्या 'अनलिमिटेड' आवृत्तीत सुमारे १८ हजार प्रती निघाल्याचे मानले जाते. म्हणजे प्रत्येक पत्त्याच्या एकूण प्रती २२ ते २३ हजारांच्या आसपास आहेत. त्यांपैकी किती हाताळणीत खराब झाल्या वा हरवल्या याची मोजदाद नाही. १९९४ च्या 'रिव्हाइज्ड' आवृत्तीतून हे नऊही पत्ते काढून टाकण्यात आले. याखेरीज १९९३ मध्ये संग्राहकांसाठी चौकोनी कोपऱ्यांचा आणि वेगळ्या पाठीचा एक संपूर्ण संच निघाला होता. मात्र त्यातील पत्ते अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत.

स्पर्धांतील निर्बंध

मूळ नियमांनुसार डेकमध्ये किमान ४० पत्ते असणे पुरेसे होते आणि एकाच पत्त्याच्या कितीही प्रती ठेवता येत. परिणामी ज्याच्याकडे अधिक ब्लॅक लोटस, त्याचे पारडे जड अशी स्थिती होती. १९९४ च्या सुरुवातीला संघटित स्पर्धांसाठी डेकची किमान मर्यादा ६० पत्ते आणि एका पत्त्याच्या कमाल प्रती चार, असा नियम करण्यात आला. त्याच वेळी निर्बंधित पत्त्यांची यादी जाहीर झाली. या यादीतील पत्त्याची डेकमध्ये एकच प्रत ठेवता येते. पॉवर नाइनमधील सर्व पत्ते या यादीत होते.

या निर्बंधाने एकाच पत्त्याच्या अनेक प्रतींचा प्रश्न सुटला, परंतु ज्याच्याकडे एकही प्रत नाही त्याचा प्रश्न कायम राहिला. त्यावरचा अधिक परिणामकारक उपाय १९९५ मध्ये आला. स्पर्धांची दोन गटांत विभागणी करून एका गटात सर्व पत्ते, तर दुसऱ्यात केवळ अलीकडचे संच ग्राह्य धरण्यात आले. दुसरा गट पुढे 'स्टँडर्ड' या नावाने प्रचलित झाला आणि नव्या खेळाडूंसाठी तोच मुख्य स्पर्धाप्रकार ठरला. सध्या विविध स्पर्धाप्रकारांत पॉवर नाइनची स्थिती पुढीलप्रमाणे आहे:

व्हिंटेज: नऊही पत्ते ग्राह्य, प्रत्येकाची एकच प्रत.

लेगसी: नऊही पत्त्यांवर बंदी.

कमांडर: टाइमट्विस्टर ग्राह्य, उर्वरित आठ पत्त्यांवर बंदी.

मॉडर्न, पायोनियर आणि स्टँडर्ड: या प्रकारांत ग्राह्य असलेल्या संचांत हे पत्ते छापलेलेच नसल्याने ते वापरता येत नाहीत.

राखीव यादी

१९९५ मध्ये कंपनीने 'क्रॉनिकल्स' हा संच काढून त्यात जुन्या संचांतील अनेक पत्ते पुन्हा छापले. त्यामुळे काही जुन्या पत्त्यांच्या किमती घसरल्या आणि संग्राहक व विक्रेते यांच्यात मोठी नाराजी पसरली. त्यांचा विश्वास परत मिळवण्यासाठी १९९६ मध्ये कंपनीने 'रिझर्व्हड लिस्ट' अर्थात राखीव यादी जाहीर केली. यादीतील पत्ते त्याच कार्यासह, स्पर्धेत वापरता येतील अशा स्वरूपात पुन्हा कधीही छापले जाणार नाहीत, असे वचन त्यात दिले होते. पॉवर नाइन या यादीत समाविष्ट आहेत.

२००२ मध्ये यादीत बदल करून सुरुवातीच्या आवृत्त्यांतील सामान्य व असामान्य गटांचे पत्ते वगळण्यात आले आणि पुढील संचांतील पत्ते यादीत जोडले जाणार नाहीत, असे स्पष्ट करण्यात आले. चकचकीत विशेष आवृत्तीतील पत्त्यांना यादीतून मिळणारी सवलत काही काळ वापरली गेली. २०१० मध्ये तीही पळवाट बंद करण्यात आली. सध्या यादीत ५७० हून अधिक पत्ते आहेत.

यादीच्या समर्थकांच्या मते दिलेला शब्द पाळणे हा विश्वासाचा प्रश्न आहे. वचनावर विसंबून ज्यांनी पैसे गुंतवले, त्यांच्या संग्रहाचे मोल एका निर्णयाने कमी करणे अन्यायाचे ठरेल आणि असे एकदा घडल्यास कंपनीच्या इतर आश्वासनांनाही अर्थ उरणार नाही, असे ते मानतात. छोट्या दुकानदारांचे भांडवलही अशा पत्त्यांत अडकलेले असते. विरोधकांचे म्हणणे असे की, हे पत्ते मुळात खेळण्यासाठी बनवले गेले. वचन दिले गेले तेव्हा जे खेळत नव्हते, किंबहुना जन्मलेही नव्हते, अशा खेळाडूंना त्याची किंमत मोजावी लागते. पुरवठा गोठलेला असताना मागणी वाढत गेल्याने साठेबाजी आणि सट्टा यांना वाव मिळतो, असाही त्यांचा आक्षेप आहे. यादी मोडल्यास कायदेशीर दावे उभे राहू शकतील का, याचीही चर्चा होत असते.

राखीव यादीचा खेळाच्या रचनेवरही परिणाम झाला आहे. २०११ मध्ये 'मॉडर्न' हा स्पर्धाप्रकार सुरू करताना त्यातील पत्त्यांची मर्यादा २००३ नंतरच्या संचांपर्यंत ठेवण्यात आली. त्यामुळे राखीव यादीतील एकही पत्ता त्यात येत नाही आणि त्यातील कोणताही पत्ता कंपनीला गरजेनुसार पुन्हा छापता येतो.

बाजारमूल्य

पॉवर नाइनमध्ये ब्लॅक लोटस सर्वांत महाग आहे. पत्त्याची आवृत्ती आणि त्याची अवस्था यांनुसार किमतीत मोठा फरक पडतो. कोपरे, कडा व छपाई यांची तपासणी करून पत्त्याला १ ते १० या श्रेणीत गुण देणाऱ्या संस्था आहेत. जानेवारी २०२१ मध्ये १० गुण मिळालेला अल्फा आवृत्तीचा एक ब्लॅक लोटस ऑनलाइन लिलावात ५,११,१०० अमेरिकन डॉलरना विकला गेला. त्याच्या आवरणावर चित्रकार रश यांची स्वाक्षरी होती. अशा प्रती खेळण्यासाठी वापरल्या जात नाहीत. मात्र बऱ्याच हाताळलेल्या अनलिमिटेड प्रतींच्या किमतीही हजारो डॉलरच्या घरात असल्याने नऊही पत्ते जमवणे बहुतांश खेळाडूंच्या आवाक्याबाहेर आहे.

३० वी वर्धापन आवृत्ती

ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने खेळाच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त बीटा आवृत्तीवर आधारित एक विशेष आवृत्ती घोषित केली. तीत पॉवर नाइनचाही समावेश होता. पत्त्यांची पाठ वेगळी असल्याने ते अधिकृत स्पर्धांत ग्राह्य नव्हते आणि राखीव यादीचा भंगही होत नव्हता. प्रत्येकी १५ पत्त्यांच्या चार पाकिटांची किंमत ९९९ डॉलर होती आणि पाकिटात कोणते पत्ते निघतील याची शाश्वती नव्हती. स्पर्धेत न चालणाऱ्या पत्त्यांसाठी, त्याही नशिबावर अवलंबून, एवढी किंमत आकारल्याबद्दल खेळाडूंनी तीव्र टीका केली. हे पत्ते अल्प किमतीत सर्वांना उपलब्ध करून देण्याची संधी कंपनीने दवडली, असा टीकेचा मुख्य सूर होता.

पर्यायी उपाय

बदली पत्ते: मूळ पत्त्याऐवजी त्याचे नाव लिहिलेला किंवा त्याची छापील नक्कल असलेला कागद वापरण्याची पद्धत अनौपचारिक खेळात सर्रास आढळते. अमेरिकेतील अनेक व्हिंटेज स्पर्धा अधिकृत मान्यतेविना भरवल्या जातात, कारण त्यांत ठरावीक संख्येने बदली पत्ते वापरू दिले जातात. २०१६ मध्ये कंपनीने वैयक्तिक, अव्यावसायिक वापरास आपली हरकत नसल्याचे सांगितले. अधिकृत स्पर्धेत मात्र खेळादरम्यान पत्ता खराब झाल्यास पंचाने दिलेला बदली पत्ताच चालतो. खऱ्या पत्त्याचा आभास निर्माण करणारी बनावट प्रत हा वेगळा, फसवणुकीचा प्रकार मानला जातो.

क्यूब: यात एक जण निवडक पत्त्यांचा मोठा संच तयार करतो. खेळाडू त्यातून आळीपाळीने पत्ते निवडून डेक रचतात आणि डाव संपल्यावर सर्व पत्ते परत करतात. ब्लॅक लोटस कोणाच्या हाती पडेल हे येथे त्या दिवशीच्या वाटपावर ठरते, मालकीवर नाही. त्यामुळे पॉवर नाइनचा आनंद सर्वांना समान संधीने घेता येतो.

डिजिटल स्वरूप: राखीव यादी केवळ कागदी पत्त्यांना लागू आहे. जून २०१४ मध्ये 'मॅजिक ऑनलाइन' या संगणकीय आवृत्तीत 'व्हिंटेज मास्टर्स' या संचाद्वारे पॉवर नाइन उपलब्ध झाले. कागदी पत्त्यांच्या तुलनेत त्यांची किंमत अत्यल्प असल्याने व्हिंटेज प्रकार नियमितपणे खेळणारे अनेक जण आता संगणकावर खेळतात.

इतर खेळांतील तुलना

पॉवर नाइनच्या अनुभवानंतर अनेक खेळांनी बळ आणि दुर्मीळता यांची फारकत करण्याचा प्रयत्न केला. 'पोकेमॉन' आणि 'यु-गी-ओह!' या खेळांत एकच पत्ता साध्या व अलंकृत अशा अनेक रूपांत निघतो. संग्राहक अलंकृत प्रतीसाठी अधिक पैसे मोजतात, तर खेळाडूला साधी प्रत पुरते. मॅजिकनेही अलीकडे हा मार्ग अधिक अवलंबला आहे. २०२३ मध्ये 'द वन रिंग' या पत्त्याची जगात एकमेव असलेली विशेष प्रत सुमारे २० लाख डॉलरना विकली गेली; परंतु तेच कार्य करणाऱ्या साध्या प्रती दुकानांत उपलब्ध होत्या.

काही प्रकाशकांनी यदृच्छ पाकिटांची पद्धतच सोडली. २०१२ मधील 'अँड्रॉइड: नेटरनर' या खेळाच्या प्रत्येक खोक्यातील पत्ते ठरलेले असत; म्हणजे तेवढीच किंमत मोजणाऱ्या प्रत्येकाला तेच पत्ते मिळत. स्वतः गारफील्ड यांनी २०१८ मध्ये 'कीफोर्ज' हा खेळ आणला. त्यात प्रत्येक डेक छपाईतच एकमेवाद्वितीय असतो आणि त्यातील पत्ते बदलण्यास मनाई असते. त्यामुळे सुटा बलाढ्य पत्ता विकत घेऊन डेक मजबूत करण्याचा मार्गच उरत नाही. अर्थात चांगला संपूर्ण डेक विकत घेण्याची शक्यता राहते.

वारसा

पॉवर नाइनसारखे पत्ते पुन्हा तयार न करण्याचे धोरण मॅजिकच्या रचनाकारांनी कायम ठेवले आहे. 'मॉक्स' किंवा 'लोटस' नाव असलेले नंतरचे पत्ते बहुधा काही अट, विलंब किंवा मोबदला जोडून निघाले आहेत. व्हिंटेज प्रकाराच्या वार्षिक अजिंक्यपद स्पर्धेत विजेत्याला पॉवर नाइनपैकी एका पत्त्याचे नव्याने रंगवलेले मोठे चित्र पारितोषिक म्हणून देण्याची प्रथा आहे. २०२२ मध्ये 'मॅजिक अरेना' या संगणकीय खेळात 'ओरॅकल ऑफ द अल्फा' हा पत्ता आला. तो खेळल्यावर खेळाडूच्या गठ्ठ्यात नऊही पत्ते तात्पुरते मिसळले जातात आणि डाव संपताच नाहीसे होतात.